मतभेद आणि विनय



एखादी संस्था पन्नास वर्षे टिकते तेव्हा तिच्या इतिवृत्ताच्या वह्या पाहण्यासारख्या असतात. त्यांत ठराव असतात, अनुमोदने असतात आणि अधूनमधून 'विरोधी मत नोंदवून घेतले' असे एक वाक्यही असते. संस्थेच्या प्रकृतीची खरी परीक्षा याच वाक्यावरून होते. ज्या संस्थेत असे वाक्य कधीच आढळत नाही, तिथे एक तर कोणी विचार करीत नाही किंवा कोणाला बोलू दिले जात नाही. ज्या संस्थेत विरोध नोंदवणारा सभासद पुढच्या सभेलाही तितक्याच सन्मानाने येऊन बसतो, ती संस्था दीर्घायुषी होते.

आजच्या व्याख्यानाचा विषय मतभेदांतील सभ्यता हा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण मात्र जुन्या वळणाच्या संस्थेचे नाही. या संस्थेला इमारत नाही, वर्गणी नाही, निवडून दिलेला अध्यक्ष नाही. तिच्या बहुसंख्य सभासदांनी एकमेकांचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही. तरीही हे सभासद वर्षानुवर्षे एकत्र बसल्यासारखे एकच ग्रंथ लिहीत आहेत. ही संस्था म्हणजे इंटरनेटवरील मराठी विकिपीडिया होय.

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर ही त्याच्या संस्थापकांची नावे. 'विकी' हा शब्द हवाई बेटांच्या भाषेतील असून त्याचा अर्थ 'झटपट' असा आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी झाला. या कोशातील लेख कोणीही वाचू शकतो, कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेले कोणीही दुरुस्त करू शकतो. सारा विषय या शेवटच्या सवलतीतून उद्भवतो. स्वतः लिहिलेले वाक्य दुसऱ्या दिवशी कोणा अपरिचिताने बदललेले पाहिले की कोणाच्याही मनाला प्रथम बोचणीच लागते.

मराठीला कोशांची परंपरा नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. मराठी विश्वकोशाची उभारणी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली झाली. या दोन्ही कार्यांत अनेक विद्वानांचे हात लागले; परंतु वाद उपस्थित झाल्यास शेवटचा शब्द सांगणारा प्रमुख संपादक तिथे होता. विकिपीडियावर असा प्रमुख संपादक नाही. तिथे काही सदस्यांना 'प्रचालक' म्हणून व्यवस्थेचे अधिकार असतात, पण लेखात काय असावे हे केवळ पदाच्या बळावर ठरवण्याचा अधिकार त्यांनाही नाही. जिथे निवाडा देणारा कोणी नाही तिथे सर्व भार वागणुकीवर पडतो. म्हणून सभ्यता ही तिथे शोभेची वस्तू राहत नाही. घराच्या तुळईसारखी ती सारे छप्पर पेलते.

वाद तरी कशाचे होतात? परभाषेतील नावे मूळ उच्चाराप्रमाणे लिहावीत की इंग्रजीच्या वळणाने? शास्त्रीय संज्ञेसाठी संस्कृतोद्भव शब्द घडवावा की रूढ इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावा? मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम कुठवर पाळावेत? बाहेरच्याला हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. परंतु क्षुल्लक गोष्टींवरच माणसे अधिक भांडतात, हा जगाचा अनुभव आहे. इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या इंग्रजी नावात 'एच' हे अक्षर असावे की नसावे यावर पुनःपुन्हा वाद झाला आणि काही वर्षांनंतर, २०११ मध्ये, ते अक्षर वगळून तो मिटला. दही तेच राहिले. पण त्या एका अक्षरासाठी शेकडो माणसांनी लेखणी झिजवली.

समोरासमोरच्या व्यवहारात भांडणाला आपोआप आवर बसतो. कापडाच्या पेठेत मालाचा रंग नमुन्याशी जुळला नाही म्हणून व्यापारी आणि कारखानदार यांच्यात शब्दाला शब्द लागतो. पण दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत असतो, मध्ये चहा येतो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा याच माणसाकडून माल घ्यायचा आहे याची जाणीव दोघांनाही असते. नमुना आणि ताका दोन्ही दुकानाबाहेर उजेडात नेले जातात आणि जे दिसते ते दोघे मान्य करतात. पडद्यापुढे एकट्याने लिहिणाऱ्याला यांतले काहीच लाभत नाही. समोरचा चेहरा नाही, आवाजातील मार्दव नाही, उद्याच्या गाठीभेटीची भीड नाही. 'संदर्भ द्यावा' हे साधे वाक्यही वाचणाऱ्याच्या मनःस्थितीप्रमाणे विनंती वाटते किंवा उपहास वाटतो. शिवाय बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. लिहिलेला तिथेच राहतो आणि दर वाचनाला नव्याने बोचतो.

ही उणीव ओळखून विकिपीडियाच्या समूहाने काही रीती घालून घेतल्या. त्या लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत, कारण त्या उपदेशाच्या स्वरूपाच्या नसून व्यवस्थेच्या स्वरूपाच्या आहेत.

पहिली रीत अशी की, प्रत्येक लेखाला जोडून एक स्वतंत्र चर्चापान असते. लेखावर लेखकाची सही नसते. चर्चापानावर मात्र प्रत्येक मताखाली सदस्याचे नाव आणि वेळ नोंदवण्याची प्रथा आहे. म्हणजे ज्ञान सर्वांचे, परंतु मत ज्याचे त्याचे. वाद लेखाच्या अंगणात न घालता शेजारच्या ओसरीवर घालावा, ही त्यामागील दृष्टी. संपूर्ण समूहाशी संबंधित प्रश्नांसाठी मराठी विकिपीडियावर जे पान आहे त्याचे नाव 'चावडी' असे ठेवलेले आहे. गावच्या चावडीवर बोलणारा माणूस चारचौघांच्या देखत बोलतो, म्हणून जपून बोलतो. हे नाव त्या दृष्टीने फार समर्पक आहे.

दुसरी रीत इतिहासाच्या पानाची. लेखात झालेला प्रत्येक बदल, कोणी व केव्हा केला यासह जतन होतो. हिशेबाच्या वहीचे शिस्तशीर वळण ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. जमाखर्चात चुकीची नोंद खोडून काढीत नाहीत. ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद घालतात. खाडाखोड नसलेल्या वहीवर लोकांचा विश्वास बसतो. विकिपीडियावरही स्वतःचे वाक्य बदलले गेले तरी ते सहसा नष्ट होत नाही. ते इतिहासात असते आणि योग्य ठरल्यास परत आणता येते. ही खात्री असली की हरल्याची कटुता निम्मी होते.

तिसरी रीत संयमाची. एकाने लिहावे, दुसऱ्याने पुसावे, पहिल्याने पुन्हा लिहावे, असे द्वंद्व जुंपू नये म्हणून इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून एक नियम आहे. एका सदस्याने एका लेखातील दुसऱ्यांचे बदल चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवू नयेत. या नियमात कोण बरोबर याचा विचारच नाही. बरोबर असणाऱ्यानेही थांबावे आणि चर्चापानावर जावे, एवढीच अपेक्षा आहे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र एक रात्र उशाखाली ठेवून सकाळी टपालात टाकावे, असे वडीलधारी माणसे सांगत. त्याच शहाणपणाला इथे नियमाचे रूप मिळाले.

चौथी रीत म्हणजे समोरच्याचा सद्भाव गृहीत धरणे. चूक दिसली की ती अज्ञानाने किंवा घाईने झाली असावी असे प्रथम मानावे. दुष्ट हेतू शेवटी, पुराव्यानिशी मानावा. या कोशाच्या पाच आधारस्तंभांपैकी चौथा स्तंभ सदस्यांनी परस्परांशी आदराने व सभ्यतेने वागावे हाच आहे. टीका मजकुरावर करावी, माणसावर करू नये, हे त्याचे व्यावहारिक रूप. 'हे वाक्य निराधार आहे' असे म्हणता येते; 'हा सदस्य खोटारडा आहे' असे म्हणता येत नाही.

परंतु केवळ सौम्य शब्दांनी खरे मतभेद मिटत नाहीत. त्यांना वाट करून देणारे तत्त्व म्हणजे तटस्थ दृष्टिकोन. सोलापूरकरांना हे तत्त्व जवळच्या उदाहरणाने चटकन उमगेल. अक्कलकोट तालुका सोलापूर जिल्ह्याचा भाग आहे. १९६७ साली महाजन आयोगाने तो तत्कालीन म्हैसूर राज्याला जोडावा अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला. सीमाप्रश्नाबाबत महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आता समजा, एक मराठी आणि एक कन्नड लेखक या विषयावर एकच लेख लिहायला बसले. 'अक्कलकोट अमक्याचेच' हे वाक्य लिहिताक्षणी युद्ध पेटेल. परंतु वर सांगितलेल्या वाक्यांपैकी एकही वाक्य असे नाही की ज्याखाली दोघांनाही सही करता येणार नाही. शिफारस आयोगाची म्हणून सांगितली, नकार महाराष्ट्राचा म्हणून सांगितला, साल दिले. प्रत्येक विधान त्याच्या धन्याच्या नावावर टाकले. दोघांचेही मत बदललेले नाही, तरी लेख पूर्ण झाला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा ज्या शहराच्या गल्ल्यांतून ऐकू येतात, त्या सोलापुरात अशा लेखनाची किंमत वेगळी सांगायला नको.

या समारंभातील श्रोत्यांना हे तत्त्व ऐकताना अनेकान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. 'स्यात्' या शब्दाचा 'कदाचित' असा ढिला अर्थ लावून त्याला संशयवाद ठरवणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः 'या अपेक्षेने पाहता हे असे आहे' अशी ती काटेकोर नोंद आहे. कोणत्या बाजूने पाहिले हे सांगितल्यावरच विधान पूर्ण होते, असा तिचा आग्रह आहे. आठव्या शतकातील हरिभद्रसूरी हे जैन आचार्य. पण 'षड्दर्शनसमुच्चय' या ग्रंथात त्यांनी बौद्ध, न्याय, सांख्य, वैशेषिक, मीमांसा अशा इतरांच्या दर्शनांचे निरूपण त्या त्या दर्शनाच्या अनुयायांनाही ओळखू यावे असे केले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येणे, ही वादातील पहिली पात्रता होय.

तथापि एवढ्यावर थांबले तर सभ्यता म्हणजे गोड बोलणे किंवा गप्प बसणे असा गैरसमज होईल. तो दूर करण्यासाठी जैन ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रातील एक प्रसंग पाहणे उपयुक्त ठरेल. हा प्रसंग संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. परंतु अनेकांनी मिळून एकच ग्रंथ शुद्ध करण्याचा तो उद्योग असल्याने विषयाशी त्याचे नाते अगदी निकटचे आहे.

पुष्पदंत व भूतबली या आचार्यांचा षट्खंडागम, वीरसेनांच्या धवला टीकेसह, शतकानुशतके मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जपला गेला. त्याच्या नकलांवरून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली अमरावतीहून १९३९ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्या खंडातील ९३ व्या सूत्रात उपलब्ध नकलांप्रमाणे पाठ छापला गेला. मात्र अर्थाची संगती पाहता तिथे 'संजद' हा शब्द राहून गेलेला वाटतो, अशी तळटीप संपादकांनी दिली. हा एक शब्द साधा नव्हता. हे सूत्र स्त्रियांच्या गुणस्थानांविषयीचे असल्याने त्याचा संबंध थेट स्त्रीमुक्तीच्या प्रश्नाशी पोहोचत होता. साहजिकच विद्वानांत मोठा वाद निर्माण झाला आणि तो दीर्घकाळ चालला.

या प्रसंगात संपादकांनी केलेल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. त्यांनी स्वतःला पटलेला शब्द मूळ पाठात गुपचूप घातला नाही. हाती असलेल्या प्रतींत जे होते ते वर ठेवले आणि स्वतःचे मत खाली, वेगळे, ओळखू येईल असे ठेवले. दुसरे म्हणजे, त्यांनी 'आहे' असे न लिहिता 'वाटते' असे लिहिले. पण वाद उठल्यावर ते मत त्यांनी मागेही घेतले नाही. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहता आले तेव्हा तो शब्द तिथे आढळला. त्या शब्दाचा अर्थ कसा लावावा, स्त्री हा शब्द तिथे द्रव्यदृष्टीने घ्यावा की भावदृष्टीने, यावर विद्वानांची मते वेगळी राहिली आणि ती राहण्यास हरकतही नव्हती. पाठाचा प्रश्न प्रतीने सोडवला. अर्थाचा प्रश्न विचाराकडे सोपवला. याच ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या यथावकाश सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रकाशित केल्या, ही या शहराच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे.

विनय म्हणजे माघार नव्हे, हे या प्रसंगातून स्पष्ट व्हावे. आपले म्हणणे पूर्ण ठामपणे, पण प्रतिपक्षालाही तपासून पाहता येईल अशा रीतीने मांडणे म्हणजे विनय. नमुना झाकून ठेवून गोड बोलणारा व्यापारी विनयी नसतो. नमुना उजेडात ठेवणारा विनयी असतो, मग त्याचा आवाज थोडा चढला तरी चालेल.

त्या संघाची स्थापनाच मुळी अशा रीतीने झाली. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना १९४० साली आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्म व समाज यांच्या कार्यी लावावी अशी प्रबळ इच्छा झाली. संपत्ती त्यांची, इच्छा त्यांची. निर्णयही एकट्याने घेता आला असता. परंतु त्यांनी देशभर हिंडून विद्वानांची मते प्रत्यक्ष व लेखी गोळा केली आणि १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावून ऊहापोहासाठी प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्या विचारविनिमयातून संघ जन्मला. आरंभी त्यांनी ३०,००० रुपयांचे दान जाहीर केले आणि १९४४ साली सुमारे २ लाख रुपयांची सर्व संपत्ती संघाला विश्वस्त निधीच्या रूपाने अर्पण केली. आधी सर्वांचे ऐकावे, ते लेखी घ्यावे, मग एकत्र बसावे आणि त्यानंतर ठरवावे, हा क्रम चावडीवरचा आणि चर्चापानावरचाही आदर्श क्रम आहे.

विकिपीडियाच्या रीतींचे गुणगान करताना तिथे सर्व आलबेल आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय लेखकांची संख्या २००७ साली शिखरावर पोहोचली आणि नंतर घटू लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे एक प्रमुख कारण पुढे आले ते असे: सद्भावाने लिहिणाऱ्या नवागतांचे लेखनही अधिकाधिक प्रमाणात तडकाफडकी परतवले जाऊ लागले आणि ते पुन्हा फिरकले नाहीत. विकिमीडिया फाउंडेशनच्या २०११ च्या पाहणीत लेखकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण शंभरात दहाहूनही कमी आढळले होते. कठोर आणि अपमानकारक भाषा सर्वांनाच त्रास देते. पण जे संख्येने थोडे असतात ते सर्वांत आधी उठून जातात. हे जाणून फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये सर्व भाषांतील प्रकल्पांसाठी एक समान आचारसंहिता मान्य केली. सौजन्य मनाच्या मोठेपणावर सोडून भागत नाही, त्याला नियमांचा आधारही लागतो, याची ती कबुलीच होती.

नियमांच्या आडूनही अन्याय होऊ शकतो, हे येथे सांगितले पाहिजे. 'सभ्य भाषेत बोला' असे म्हणून खऱ्या तक्रारीचे तोंड बंद करणे, हाही असभ्यतेचाच प्रकार आहे. एखाद्याचा शब्द कडवट असेल, पण त्याच्या हातातील पुरावा खरा असेल, तर शब्दाबद्दल त्याला हळूच सावध करावे आणि पुराव्याचे उत्तर मात्र द्यावेच. शब्दाची चूक दाखवून पुराव्यातून सुटका करून घेणे प्रामाणिकपणाचे नाही.

इंग्रजीसारख्या विशाल समूहातून दहा माणसे रुसून गेली तर त्यांची जागा घेणारे अकरा येतात. मराठीत लिहिणाऱ्यांचा समूह लहान आहे. सोलापूरच्या यंत्रमागावर, एखाद्या गावच्या बारवेवर किंवा दुर्मीळ हस्तलिखितावर अधिकाराने लिहू शकेल असे माणूस कधीकधी एकच असते, आणि बहुधा ते वयाने मोठे, संगणकाला नवखे असते. त्याच्या पहिल्या लेखात संदर्भ द्यायचे राहतील, मांडणी चुकेल. त्या वेळी कोणी तरुण, तरबेज सदस्याने 'काका, मजकूर मोलाचा आहे, फक्त आधार जोडायला हवा. तो असा जोडतात' एवढे लिहिले तर मराठीला आणखी पन्नास लेख मिळतील. तेच 'नियम वाचून या' असे लिहिले तर ते ज्ञान त्या माणसाबरोबरच नाहीसे होईल. एका तुसड्या वाक्याची ही किंमत कोणत्याही खतावणीत दिसत नाही, पण भाषेला ती मोजावी लागते.

जैन आचारात पाच समितींपैकी एक भाषासमिती आहे. चालताना जीव पायाखाली येऊ नये म्हणून जशी खाली पाहून पावले टाकायची, तसेच बोलताना कोणी शब्दाखाली चिरडले जाऊ नये म्हणून पाहून बोलायचे. हा नियम मुनींसाठी सांगितला आहे. पण ज्या काळात प्रत्येकाच्या खिशात लिहिण्याचे आणि क्षणात जगापुढे मांडण्याचे यंत्र आहे, त्या काळात गृहस्थानेही तो शक्य तितका अंगी बाणवावा असाच आहे. घरातील, संस्थेतील आणि पडद्यावरील प्रत्येक वादात चार गोष्टी पाळल्या तरी पुरे: मूळ प्रत आधी पाहावी; स्वतःचे मत 'मत' म्हणून वेगळे ठेवावे; दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत एकदा म्हणून दाखवावे; आणि उत्तर देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

विरोधी मत नोंदवणारा सभासद पुढच्या सभेला यावा, त्याची खुर्ची मोकळी ठेवलेली असावी, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य निघाले तर वहीत दुरुस्तीची नोंद घालण्यास कोणाचा हात अडखळू नये, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात सर्व संस्थांसाठी सदिच्छा.

जय जिनेंद्र.